सायकलसहलीतला मुक्कामाचा दिवस : ट्रियरच्या रोमन वास्तू पाहताना

जर्मनीतल्या कोब्लेंझ शहरापासून मोझेल नदीच्या काठाने ट्रियरपर्यंत आणि तिथून पुढे लक्झेंबर्गच्या सीमेपर्यंत सायकलने जाण्याचा बेत माझ्या मोठ्या बहिणीने आणि मी २०२३च्या जानेवारीत पक्का केला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो पार पडला. संपूर्ण प्रवासाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. ट्रियरमध्ये सायकली कुलूपबंद ठेवून, पायी फिरत रोमन अवशेष पाहण्यात घालवलेल्या एका दिवसाबद्दल मी लिहिते आहे, कारण बेत आखताना मला खरी धास्ती याच दिवसाची वाटत होती. सायकल चालवण्याचा सराव करता येतो आणि तो आम्ही पुण्यात सहा महिने केला होता. परंतु दुखऱ्या पायांना खरोखर विश्रांती मिळेल आणि जागतिक वारसास्थळ असलेले एक शहरही नीट पाहून होईल, अशा दिवसाची आखणी कशी करावी हे सांगणारे मराठीत मला काहीच सापडले नव्हते.

या दिवसाची तारीख आमच्यासाठी खरे तर व्हिसाच्या कागदपत्रांनीच ठरवली. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे तो करावा लागतो. अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे आरक्षण जोडायचे असते. सायकलने फिरणाऱ्याला ही अट जाचक वाटते, कारण पाऊस, वारा किंवा पंक्चर यांमुळे पुढचे गाव एखाद्या दिवसाने लांबू शकते. आम्ही विनाशुल्क रद्द करता येतील अशीच आरक्षणे केली, रोजचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास धरले आणि ट्रियरमध्ये दोन रात्री ठेवल्या. पुढेमागे एखादा दिवस हुकला, तर तो भरून काढायला ही जागा उपयोगी पडावी, असाही विचार त्यामागे होता. कव्हर लेटरमध्ये गावागणिक अंतर, मुक्कामाचा पत्ता आणि सायकल भाड्याने घेतल्याची पावती यांचा स्पष्ट उल्लेख केला. अपॉइंटमेंटसाठी मात्र सुमारे सहा आठवडे संकेतस्थळावर लक्ष ठेवावे लागले आणि अखेर जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. माझ्यासाठी कंपनीचे ना-हरकत पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचे विवरण लागले. ताई सेवानिवृत्त शिक्षिका असल्यामुळे तिने निवृत्तिवेतनाचा आदेश आणि प्राप्तिकर विवरणपत्रे जोडली. त्या वेळी व्हिसाचे शुल्क ८० युरो होते, म्हणजे सुमारे सात हजार रुपये, आणि अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. परंतु त्यात सायकलप्रवासाचा अंतर्भाव आहे की नाही, हे पॉलिसीतील बारीक अक्षरांत वाचून, शंका असल्यास विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. बोटांचे ठसे देऊन आल्यानंतर पारपत्र हाती येईपर्यंतचे दोन आठवडे मला फार लांब वाटले.

मुक्कामाची तारीख ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही: ट्रियरचे ऱ्हाईनलँड राज्य संग्रहालय सोमवारी बंद असते. म्हणून आम्ही सोमवारी, ११ सप्टेंबरला संध्याकाळी ट्रियरला पोहोचायचे आणि मंगळवारचा दिवस तिथे काढायचा असे ठरवले. राहण्याची जागा निवडताना ‘बेट अँड बाइक’ ही खूण पाहिली. जर्मन सायकलस्वारांच्या संघटनेकडून ही खूण मिळवणाऱ्या घरगुती निवासांत आणि हॉटेलांत सायकल कुलूपबंद ठेवण्याची जागा, ओले कपडे वाळवण्याची सोय आणि दुरुस्तीची किरकोळ हत्यारे असतात. आम्हाला दोघींच्या खोलीला न्याहारीसह रात्रीला ९५ युरो पडले. सप्टेंबर हा द्राक्षांच्या तोडणीचा आणि त्यामुळे मोझेलकाठच्या गर्दीचा काळ असल्याने याहून स्वस्त काही मिळाले नाही.

कोब्लेंझ ते ट्रियर हे अंतर सायकलमार्गाने सुमारे दोनशे किलोमीटर आहे. नदी इतकी वळणे घेत जाते की समोर दिसणारे चर्चचे शिखर तासाभराने पुन्हा दुसऱ्या बाजूने दिसते. रस्ता जवळपास सपाट आहे आणि प्रवाहाच्या उलट दिशेने जातानाही चढ जाणवत नाही, म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या नवख्या प्रवाशांनाही तो झेपण्यासारखा आहे. ट्रियरच्या आधीच्या दोन गावांचा उल्लेख मात्र केला पाहिजे, कारण मुक्कामाच्या दिवसाची तयारी आमच्या नकळत तिथेच झाली. पीझपोर्ट येथे द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी चौथ्या शतकातील रोमन द्राक्ष-गाळणीचे दगडी हौद आहेत. १९८५ साली मळ्यांची कामे चालू असताना ते उघडकीस आले. तिथून थोडे पुढे नॉयमागेन हे गाव लागते. तिसऱ्या शतकात, इ.स. २२०च्या सुमारास, एका धनिक द्राक्षासव-व्यापाऱ्याच्या थडग्यासाठी कोरलेले दगडी जहाज इथे सापडले. वल्ही मारणारे नावाडी, त्यांच्यामध्ये आडवी रचलेली पिंपे आणि टोकाशी श्वापदांची मुंडकी असे ते जहाज आहे. गावात त्याची प्रतिकृती मांडलेली आहे आणि मूळ शिल्प ट्रियरच्या संग्रहालयात आहे. ताईने प्रतिकृतीसमोर उभी राहूनच सांगितले, “उद्या-परवा बाकी काही राहिले तरी चालेल, पण हे जहाज बघितल्याशिवाय मी ट्रियर सोडणार नाही.” दिवसाच्या आखणीतील पहिली निश्चित गोष्ट ती ठरली.

सोमवारी संध्याकाळी पोहोचल्यावर आम्ही एक नियम पाळला आणि तो मी प्रत्येकाला सुचवेन: सायकलची आणि कपड्यांची सर्व कामे त्याच संध्याकाळी उरकावीत, ती मुक्कामाच्या दिवसावर टाकू नयेत. साखळी जुन्या फडक्याने पुसून तेल दिले, चाकांत हवा भरली, ब्रेकचे पॅड तपासले आणि सामानाच्या पिशव्यांचे आकडे घट्ट केले. कपडे नाण्यांवर चालणाऱ्या धुलाईघरात नेले. धुणे आणि वाळवणे मिळून दहा युरोंच्या आत झाले. यंत्र फिरत असताना ताईने शहराचा नकाशा मांडीवर पसरला आणि प्रत्येक वास्तूसमोर तिथे बसायला जागा आहे का, सावली आहे का आणि जिने किती आहेत हे मी शोधून सांगितले तसे लिहून घेतले. युरोपात थंडीच असणार या समजुतीने गेलेल्या आम्हाला त्या आठवड्यात तीस अंशांच्या वरचे ऊन लागत होते, त्यामुळे दुपार छपराखाली जाईल असाच क्रम लावायचा होता.

तिकिटांचा प्रश्न त्याच वेळी सोडवला. ट्रियरच्या रोमन वास्तूंसाठी ‘अँटिकेनकार्ड’ नावाचे एकत्रित तिकीट मिळते. त्याच्या साध्या प्रकारात आम्हाला संग्रहालय आणि कोणत्याही दोन वास्तू १२ युरोंत पाहता आल्या. मोठ्या प्रकारात चार वास्तू मिळतात. आम्ही विचारपूर्वक साधे कार्ड घेतले. एका दिवसात संग्रहालय धरून पाच ठिकाणी आत जाणे थकलेल्या पायांना जड गेले असते, आणि पाहिलेल्यापैकी अर्धेही लक्षात राहिले नसते.

मंगळवारी न्याहारीनंतर सकाळी नऊ वाजता पोर्टा नीग्रा उघडण्याच्या वेळीच आम्ही दाराशी होतो. जिने असलेली वास्तू सकाळीच पाहावी, कारण सायकलने दमलेल्या मांड्यांना चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास अधिक होतो आणि तो दुपारनंतर वाढतो. रोमन शहराचे हे उत्तरेकडचे वेशीचे दार. जवळच सापडलेल्या तटबंदीच्या लाकडातील वाढीच्या वर्तुळांवरून त्याचे काम इ.स. १७०मध्ये सुरू झाले असावे असे संशोधकांनी ठरवले आहे. सुमारे ३० मीटर उंच आणि ३६ मीटर रुंद अशी ही वेस वाळूच्या दगडाच्या प्रचंड चिऱ्यांनी बांधली आहे; त्यांतले काही चिरे सहा टनांपर्यंत भरतात. चिऱ्यांमध्ये चुना नाही. एक चिरा दुसऱ्याशी लोखंडी आकड्याने जोडून फटीत शिसे ओतलेले होते. पुढे मध्ययुगात लोकांनी ते लोखंड आणि शिसे काढून नेले, म्हणून भिंतभर खड्डे दिसतात. मूळचा फिकट दगड शतकानुशतकांच्या हवेने आणि धुराने काळवंडला आहे. दर्शनी अर्धस्तंभ नीट पाहिले तर त्यांची घडाई अपुरी असल्याचे कळते. दगड रचले गेले, पण त्यांना अखेरचा हात फिरला नाही.

ही वेस आज उभी आहे ती रोमन सैन्यामुळे नव्हे. सन १०३० च्या सुमारास सिमेऑन नावाच्या एका ग्रीक साधूने तिच्या पूर्वेकडील बुरुजात स्वतःला चिणून घेतले आणि १०३५ मध्ये तो तिथेच निवर्तला. त्याला संतपद मिळाल्यावर वेशीचे चर्च करण्यात आले, एकावर एक अशी दोन प्रार्थनागृहे तिच्या पोटात बसवली गेली. शहरातल्या तशाच इतर वेशींचे दगड लोकांनी उचलून नेले, ही एकटी वाचली. १८०४ मध्ये ट्रियरला आलेल्या नेपोलियनने चर्चचे बांधकाम काढून रोमन वेस मोकळी करण्याचा हुकूम दिला. पूर्व टोकाचा बाराव्या शतकातील अर्धगोलाकार भाग तेवढा ठेवला गेला आणि आत रोमन भिंतीवर मधेच कोरलेले संतही दिसतात. वरच्या मजल्यावरच्या कमानीत बसून आम्ही ते पाहत होतो, तेव्हा ताई म्हणाली, “म्हणजे इथे जे कुणाच्या तरी उपयोगी पडत राहिले, तेच उरले.” त्या दिवशी पुढे जे जे पाहिले ते मी याच दृष्टीने पाहत गेले आणि अवशेषांची सगळी मांडणी माझ्यापुरती उलगडली. सहसा आपण ‘काळाने काय नष्ट केले’ असे विचारतो. ट्रियरमध्ये ‘कोणी कशासाठी वाचवले’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

पोर्टा नीग्राहून बाजारचौकापर्यंतचा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठीच आहे. तो सरळ पार करून आम्ही कॅथीड्रलमध्ये थोडा वेळ थांबलो. त्याच्या गाभ्यात चौथ्या शतकातील रोमन भिंती आजही भार वाहत आहेत आणि दाराबाहेर ग्रॅनाइटच्या एका पडलेल्या रोमन खांबाचा तुकडा ठेवलेला आहे. तिथून पाच-सात मिनिटांवर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा दरबार आहे. मुक्कामाच्या दिवशी एकच वास्तू पाहायची असेल तर ती ही, असे माझे मत झाले. इ.स. ३१०च्या सुमारास बांधलेले हे विटांचे दालन ६७ मीटर लांब, सुमारे २७ मीटर रुंद आणि ३३ मीटर उंच आहे आणि आत एकही खांब नाही. समोरच्या अर्धगोलाकार कोनाड्यातल्या खिडक्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत, त्यामुळे सिंहासनाची जागा आहे त्याहून दूर आणि भव्य भासते. जमिनीखालून आणि भिंतींतून गरम हवा खेळवून एवढे दालन हिवाळ्यात उबदार ठेवले जात असे. पुढे ते आर्चबिशपांच्या निवासाचा भाग झाले. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजाने दुरुस्त करून घेतले आणि १८५६ पासून ते प्रोटेस्टंट चर्च आहे. १९४४ च्या हवाई हल्ल्यात ते जळाले, आणि युद्धानंतर दुरुस्त करताना आतल्या भिंती गिलावा न करता उघड्या विटांच्याच ठेवण्यात आल्या.

प्रवेश विनामूल्य आहे आणि बाकांवर हवे तितका वेळ बसता येते. आम्ही तासभर बसलो. बाहेर ऊन चढत होते आणि आत गारवा होता. चार दिवसांच्या खडखडाटानंतर पाठीला आणि तळहातांना स्थिर लाकडाचा आधार मिळाल्याचे सुख मी शब्दांत नीट मांडू शकणार नाही. इतक्या मोठ्या रिकाम्या जागेत माणसाला लहान वाटावे अशीच ती बांधली आहे, तरी मला तिथे दडपण आले नाही. उलट, इथपर्यंत स्वतःच्या पायांच्या बळावर आलो आहोत या जाणिवेने मन भरून आले.

जेवणाचे सांगायचे तर शाकाहारी माणसाची ट्रियरमध्ये अडचण होत नाही, पण बटाट्याच्या सूपमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांसाविना, असे सांगावे. आम्ही बेकरीतून चीज घातलेले पाव आणि ब्रेत्सेल, म्हणजे पीळ घातलेले खारे पाव, घेतले, दोघींचे मिळून अकरा युरो झाले, आणि दरबाराला लागून असलेल्या राजवाड्याच्या बागेत झाडाखाली जेवलो. तिथेच गवतावर ताईने वीस मिनिटे डुलकी घेतली. वाड्याच्या बागेतून दक्षिणेकडे पाहिले की सम्राटाच्या स्नानगृहाची विटांची आणि चुनखडीच्या दगडाची पट्टेदार भिंत दिसते. ही स्नानगृहे चौथ्या शतकाच्या आरंभी बांधायला घेतली गेली आणि कधीच पूर्ण झाली नाहीत. नंतर त्यांचा उपयोग बराकींसाठी करण्यात आला. त्यांच्याखाली भुयारी मार्गांचे जाळे आहे आणि ज्यांच्याजवळ मोठे कार्ड आहे त्यांनी तिथे जरूर उतरावे. आम्ही ती भिंत बागेतूनच पाहिली.

दुपारी साडेबारा ते सव्वातीन हा सर्वांत उन्हाचा वेळ आम्ही संग्रहालयात काढला. बागेच्या कडेलाच ते आहे. पाठपिशवी कुलपाच्या कप्प्यात ठेवावी लागते, त्यासाठी एक युरोचे नाणे जवळ असावे. ताई थेट नॉयमागेनच्या दालनात गेली. तिथे जहाज होते, आणि त्याच्याजवळ आम्हाला अनपेक्षित असलेले एक शिल्प होते. उंच पाठीच्या खुर्चीत बसलेले दाढीवाले गुरुजी, दोन्ही बाजूंना हातात गुंडाळ्या घेऊन बसलेले दोन विद्यार्थी आणि उजवीकडून नुकताच येऊन हात वर करून उभा राहिलेला तिसरा. इ.स. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे ते काम आहे. बत्तीस वर्षे शाळेत शिकवलेली माझी बहीण त्या शिल्पासमोरच्या बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, “हा तिसरा उशिरा आलाय, आणि मास्तर त्याला आत घेणार आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.”

नॉयमागेनची ही सारी शिल्पे वाचली कशी, याचे उत्तरही तिथेच मिळते. ती थडग्यांवरची होती. चौथ्या शतकात नदीवर पहारा ठेवण्यासाठी नॉयमागेनला घाईने तटबंदी उभारताना जुन्या थडग्यांचे दगड काढून तटाच्या पायामध्ये भरण्यात आले. एकोणिसाव्या शतकात तो पाया उकरल्यावर जहाज, शाळा, हिशेब करणारी माणसे आणि केस विंचरून घेणारी बाई असे सगळे बाहेर आले. उघड्यावर राहिली असती तर त्यांची झीज झाली असती किंवा चुन्याच्या भट्टीत गेली असती.

संग्रहालयातली दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे १९९३ साली भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम करताना सापडलेला सोन्याच्या नाण्यांचा ठेवा. अडीच हजारांहून अधिक नाणी आहेत आणि त्यांचे वजन साडेअठरा किलो भरते. सर्वांत जुनी नाणी पहिल्या शतकातल्या सम्राट नीरोच्या काळाच्या आसपासची आणि शेवटची दुसऱ्या शतकाच्या अखेरची, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या घराण्याच्या काळातली. या काचेसमोर मला आपल्याकडची आठवण होणे स्वाभाविक होते, कारण याच शतकांत रोमन जगाचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशी आणि दख्खनशी व्यापार चालू होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आम्ही दोघींनी लहानपणी पाहिली आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली पॉम्पेईत निघाली होती. ट्रियर त्या व्यापाराच्या दुसऱ्या टोकालाही नव्हते, ते साम्राज्याच्या उत्तरेच्या सरहद्दीजवळचे शहर होते; तरी एकाच चलनाच्या जगात ही दोन्ही ठिकाणे होती, हे काचेआड इतके सोने एकत्र पाहिल्यावर जसे पटले तसे पुस्तकातून पटले नव्हते.

संग्रहालयाच्या अंगणात एक उंच, रंगवलेला दगडी स्तंभ आहे. ट्रियरपासून आठ किलोमीटरवरच्या इगेल गावातल्या रोमन स्तंभाची ती प्रतिकृती. मूळ स्तंभ दुसऱ्या दिवशी आमच्या मार्गावरच होता, म्हणून रंगांसह त्यावरची दृश्ये इथे आधी पाहून घेतली. सायकलने मोझेलकाठाने जाणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम ठेवावा असे मला वाटते, कारण मूळ दगडावर आता रंग नाही आणि बरीच दृश्ये पुसट झाली आहेत.

संग्रहालयातून बाहेर पडताना ताईने गुडघा दुखत असल्याचे सांगितले. आधीच ठरल्याप्रमाणे ती बागेत थांबली आणि अँफिथिएटरला, म्हणजे झुंजींच्या रोमन आखाड्याला, मी एकटीच गेले. दोघांनी मिळून निघालेल्या सहलीत मुक्कामाच्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या शरीराप्रमाणे वेगळे होण्याची मोकळीक असणे आवश्यक आहे आणि ते संकोच न करता आधीच बोलून ठेवावे. अँफिथिएटर स्नानगृहांपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, पेट्रिसबर्ग टेकडीच्या पायथ्याशी आहे. दुसऱ्या शतकात निम्मे टेकडीत कोरून आणि निम्मे मातीचा भराव घालून ते केलेले आहे आणि सुमारे अठरा ते वीस हजार माणसे तिथे बसू शकत. शहराच्या तटबंदीत ते सामावलेले असल्यामुळे ती वेसही होती. आज दगडी आसने राहिलेली नाहीत, गवताचे उतार आहेत. मध्ययुगात दगड काढून नेले गेले आणि उतारांवर पुढे द्राक्षेही लावली गेली. आखाड्याच्या मधोमध जिन्याने तळघरात उतरता येते. खाली ओल होती, अंधार होता, आणि वर आणण्यासाठी माणसे आणि जनावरे इथे ठेवली जात हे ठाऊक होते. इ.स. ३०६ नंतर कॉन्स्टंटाइनने आस्कारिक आणि मेरोगैसस या फ्रँक टोळ्यांच्या दोन राजांना याच शहराच्या आखाड्यात श्वापदांपुढे टाकले. सकाळी ज्या राजाच्या दरबारात मी निवांत बसले होते, त्याच राजाची ही कृती. मी तळघरात फार वेळ थांबू शकले नाही. वर येऊन गवताच्या उतारावर बसले, पाणी प्यायले आणि काही वेळाने परत फिरले. सकाळच्या आनंदाला त्यामुळे बाधा आली असे म्हणणार नाही, परंतु त्या दालनाबद्दल बोलताना हे तळघर वगळू नये असे मला वाटते.

साडेपाचच्या सुमारास आकाश भरून आले आणि आम्ही मुक्कामी परतलो. दिवसभरात सहा-सात किलोमीटर चालणे झाले असावे. यापेक्षा अधिक चालू नये. सायकलच्या सहलीतली विश्रांती म्हणजे झोपून राहणे नव्हे, पण चालण्याचे स्नायू वेगळे असतात आणि तेही थकतात. साधे चालण्याचे बूट सोबत नेल्याचा इथे फार उपयोग झाला. संध्याकाळी निवासाच्या स्वयंपाकघरात परवानगी घेऊन पुण्याहून नेलेली मुगाची खिचडी केली आणि नऊलाच झोपलो.

बार्बारा स्नानगृहे आणि रोमन पूल या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम बुधवारच्या सकाळवर ठेवल्या होत्या, कारण त्या इगेलकडे जाणाऱ्या वाटेवरच आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी पायपीट करण्याची गरज नाही. दुसऱ्या शतकातील ही स्नानगृहे त्यांच्या काळी साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या स्नानगृहांत गणली जात. अवशेषांवरून केलेल्या पुलासारख्या वाटेवरून ती विनामूल्य पाहता येतात. सामान लादलेल्या सायकली दिसतील अशा ठिकाणी कठड्याला बांधल्या आणि एकीने त्यांच्याजवळ थांबावे असे करून आळीपाळीने पाहून आलो. पुलाचे काळ्या बेसाल्टचे खांब इ.स. दुसऱ्या शतकाच्या मध्याचे आहेत. वरच्या कमानी अठराव्या शतकातल्या, कारण १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने पूल उडवला होता. त्यावरून आजही मोटारी जातात. आमच्या सायकलीही त्याच खांबांवरून नदीपार झाल्या.

डाव्या काठाने इगेलला पोहोचायला अर्धा-पाऊण तास लागला. स्तंभ गावात, रस्त्याच्या कडेला उभा आहे; नदीकाठच्या सायकलमार्गावरून थोडे वर वळावे लागते, आणि खूण चुकू नये म्हणून गावाच्या आरंभीच वेग कमी करावा. २३ मीटर उंचीचा हा स्तंभ इ.स. २५०च्या सुमारास सेकुंडिनी नावाच्या कापड-व्यापारी कुटुंबाने आपल्या थडग्यावर उभारला. कापड पारखून पाहणारी माणसे, बांधलेले गठ्ठे, मालाची गाडी, दोर लावून नाव ओढणारे मजूर आणि स्वयंपाकघर अशी त्या घराच्या धंद्याची आणि संसाराची दृश्ये त्यावर आहेत. मध्ययुगातील लोकांनी त्यावरच्या आकृती कॉन्स्टंटाइनचे आईवडील, म्हणजे संत हेलेना आणि तिचा पती, अशा समजल्या आणि म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. आदल्या दिवशी रंगवलेली प्रतिकृती पाहिल्यामुळे ताईला प्रत्येक दृश्य खालूनच ओळखता आले आणि नाव ओढणारे मजूर कोणत्या बाजूला आहेत हे तिने मला बोट दाखवून सांगितले.

इगेलहून पुढे वासरबिलिग येथे लक्झेंबर्ग सुरू होते. डाव्या काठाने रेमिखपर्यंत जाऊन पूल ओलांडला की नेनिग येथे रोमन हवेलीतील १६० चौरस मीटरची मोझेक फरशी पाहता येते. आखाड्यातल्या झुंजींची चित्रे तिच्यावर आहेत आणि १८५२ साली ती एका शेतकऱ्याच्या जमिनीत सापडली. हेही ठिकाण सोमवारी बंद असते. तिथून सुमारे दहा किलोमीटरवर पेर्ल हे जर्मनीतले शेवटचे स्थानक आहे. तिथून ट्रियरमार्गे कोब्लेंझला आगगाडीने परतताना साध्या प्रादेशिक गाड्यांत सायकल आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर विनामूल्य नेता येते. दोघांसाठी ऱ्हाईनलँड-फाल्त्स राज्याचे दिवसाचे तिकीट घ्यावे, पेर्ल ज्यात येते त्या झारलँड राज्यातही ते चालते आणि आम्हाला तीस-बत्तीस युरोंना पडले. सायकलीचे चित्र असलेल्या डब्यातच चढावे, सामानाच्या पिशव्या आधीच सोडवून हातात घ्याव्यात, आणि ट्रियरला गाडी बदलताना लिफ्ट कोणत्या टोकाला आहे हे मुक्कामाच्या दिवशी स्थानकावरून जाता-येता पाहून ठेवावे.